रानातल्या झऱ्यांची नोंद कधी होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की तुमच्या पेपरात टँकरच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या तालुक्यात किती वाड्या तहानलेल्या, किती टँकर लागले, कुठे टँकर वेळेवर आला नाही म्हणून बायका हंडे घेऊन पंचायतीवर गेल्या. ह्या बातम्या यायलाच हव्यात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ह्याच वाड्यांमधली कितीतरी माणसं पिण्याचं पाणी रानातल्या झऱ्यावरनं आणतात, टँकर सुरू व्हायच्या आधीपासून आणतात आणि टँकर बंद झाल्यावरही आणतात, त्या झऱ्यांबद्दल मात्र कुठे एक ओळ दिसत नाही. पेपरात नाही आणि आमच्याकडे तर टंचाई आराखड्यातही नाही. कुणीतरी ह्यावर लिहायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं, शेवटी म्हटलं आपणच लिहू. पत्र लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

मी संगमेश्वर तालुक्यातली. आमची वाडी सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या सपाट जांभ्याच्या पठाराच्या, खाली उतारावर आहे आणि वाडीच्या वर रानात चढून गेलं की आमचा झरा. घरात नळ आहे, खोटं कशाला सांगू, बोअरचं पाणी टाकीत चढवतात आणि ते दिवसाआड येतं. पण त्या पाण्याला लोखंडाचा वास येतो, रात्रभर भांड्यात ठेवलं की तळाला तांबूस साका बसतो, त्यामुळे नळाचं पाणी धुण्याभांड्याला आणि पिण्याला, चहाला, भाताला झऱ्याचं, हे आमच्याकडे घराघरात ठरलेलं आहे. मोटर जळली, लाईट गेली, किंवा मे महिन्यात बोअर आटली की मग सगळंच झऱ्यावर येतं. २०१९ ला जलजीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने द्यायचं ठरलं, योजना चांगली आहे आणि डोक्यावरचा हंडा उतरावा असं आमच्याइतकं कुणाला वाटणार. पण पाइपात पाणी कुठून तरी यायला लागतं ना. डोंगरातल्या वाडीला खालच्या नदीवरनं पाणी चढवायचं तर पंप, वीज, टाक्या, पाइपलाइन, आणि ते सगळं वर्षभर चालू ठेवायला पैसा आणि माणूस. इकडे वाडीच्या डोक्यावर पाणी आपणहून वाहतंय आणि त्याच्याकडे योजनेचं लक्षच नाही.

ज्यांनी असा झरा बघितला नाही त्यांच्यासाठी जागा सांगते. ऐन-किंजळाचं रान, मध्ये करवंदीच्या जाळ्या, एका वेळी एकच माणूस जाईल अशी पायवाट. वर जांभ्याचा कडा, माणसाच्या दीडपट उंच, आणि त्याच्या बुडाला जिथे जांभा संपून खाली पांढरट चिकणमाती लागते, अगदी त्या सांध्यातून पाणी येतं. हा सांधा हाताला कळतो, वर हात लावला की खडबडीत दगड आणि खाली लावला की बोटाला चिकटणारी माती. फटीत पोफळीची पन्हळ खोचलेली असते, ती कुजली की वाडीतलं कुणीतरी नवी आणून बसवतं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की पन्हळीच्या तोंडाला फणसाचं पान लावायचं, मग पानाच्या शिरेवरनं धार सरळ कळशीच्या तोंडात पडते, नाहीतर अर्धं पाणी दगडावरनं ओघळून जातं. आमची काकी कळशी लावायच्या आधी पन्हळीत अडकलेला पाला बोटांनी काढते, थोडं पाणी सोडून देते, कळशी आतून विसळून ते पाणी लांब टाकते आणि मगच कळशी लावते. चपला खालच्या दगडाजवळ काढायच्या. साबण झऱ्यावर आणायचा नाही. कळशीतनं सांडलेलं पाणी खाली दगडी दोणीत जातं, ते गुरांचं, आणि दोणीतनं सांडलेलं पुढे कुणाच्या तरी केळींना आणि पोफळींना. शिमग्याच्या आधी वाडीतली माणसं एकत्र जाऊन वाट साफ करतात, गाळ काढतात. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही असंच होतं म्हणतात.

आता हे पाणी येतं कुठनं ते सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच आहे. शहरातनं आलेली मुलं विचारतात, काकी डोंगराच्या पोटात तळं आहे का? तळं वगैरे काही नाही. सडा म्हणजे जांभा, आणि जांभा हा स्पंजासारखा भोकाभोकांचा दगड. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. सड्यावर पडलेल्या पावसातलं थोडं पाणी भोकाभेगांतून खाली उतरतं, खाली ती चिकणमाती लागते, ती पाण्याला पुढे जाऊ देत नाही, मग पाणी आडवं सरकत सरकत कड्याच्या बाजूला येतं आणि सांधा उघडा असेल तिथे बाहेर पडतं. जेवढा सडा मोठा आणि जेवढी वर माती, गवत, झाडोरा, तेवढं पाणी जास्त मुरतं आणि तेवढा झरा उन्हाळ्यात जास्त टिकतो. घाटमाथ्यावर काळ्या दगडात थोडं वेगळं असतं. तिथे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि काही थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो, घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे गाडीतनं सुद्धा तो विटकरी पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या वर भेगाळलेल्या दगडात पाणी साठतं आणि उतारावर फुटतं. दोन्हीकडे गोष्ट तीच, पाणी वर मुरतं आणि खाली निघतं, म्हणून झरा म्हणायचा तो वरच्या सड्यासकट म्हणायचा. आपण मात्र पन्हळीजवळची दोन हात जागा बघतो, तिथे एक कट्टा बांधला, फरशी लावली, नाव कोरलं की झऱ्याचं काम झालं असं समजतो.

सड्यावर काय चाललंय ते बघा. चिरेखाण सुरू झाली की जांभा कापत कापत थेट खालच्या मातीपर्यंत जातात, म्हणजे पाणी साठवणारा दगडच उचलून नेला, मग तिथे पडलेला पाऊस मुरायचा कशात? खाणीत पाणी साचतं, लोकांना वाटतं बघा पाणी साठलं, पण ते उघड्यावरचं पाणी उन्हात जातं आणि खालची वाडी मार्चमध्येच हंडे घेऊन लांब चालायला लागते. दुसरं म्हणजे जेसीबी लावून सडा सपाट करणं, झाडोरा साफ करून सुरुंगाचे खड्डे मारून कलमं लावणं. तिसरं म्हणजे फवारणी, मोहोर आला की तुडतुड्यांसाठी औषधं मारायला लागतात ते मला माहीत आहे, माझ्या माहेरीही कलमं आहेत आणि हापूसवरच माझ्या भावाची पोरं शिकली. पण झऱ्याच्या अगदी डोक्यावरच्या पट्ट्यात ती औषधं आणि खतं गेली की ती त्याच भोकांतून खाली उतरणार, जांभ्याची भोकं मोठी असतात, ती काही गाळून देत नाहीत. चिरेखाणी सगळ्या बंद करा, बागा लावू नका असं माझं म्हणणं नाही, आमची घरं चिऱ्याचीच आहेत. पण ज्या सड्याखालनं एखादी वाडी पाणी पिते त्या तुकड्यावर खाणीला परवानगी द्यायच्या आधी कुणीतरी खाली उतरून झरा बघून यायला हवं, एवढं तरी मागायचं की नाही?

आता बांधकामाबद्दल. आमच्या शेजारच्या वाडीत चांगला बारमाही झरा होता. तिथे कुठल्याशा निधीतनं काम मंजूर झालं, ठेकेदाराने झऱ्याच्या तोंडाशी खोल खणलं, दगड फोडला, समोर काँक्रीटची उंच भिंत घातली आणि पाणी तुंबवून टाकी भरायची असा बेत केला. पहिल्या वर्षी टाकी भरली. दुसऱ्या वर्षी पाणी भिंतीच्या बाजूने, पार खालच्या अंगाला, कुणाच्या तरी शेताच्या बांधात निघालं आणि टाकी कोरडी. असं का होतं ते समजून घ्यायला मोठं शिक्षण लागत नाही. पाण्याला निघायच्या जागेच्या वर तुंबवलं की ते मागे दाब देतं आणि दुसरी सोपी फट शोधतं, आणि एकदा सापडली की परत येत नाही. म्हणून झऱ्यावर काम करायची रीत वेगळी आहे. पाणी जिथे निघतं तिथेच, ते उघडं पडायच्या आधी, एक छोटी झाकलेली पेटी बांधायची, आत खडी घालायची, सांडव्याचा पाइप पाणी निघतं त्या पातळीच्या खालीच ठेवायचा म्हणजे दाब येत नाही, गाळ काढायला तळाला एक पाइप, वरनं पावसाचं पाणी आणि गुरं येऊ नयेत म्हणून वरच्या बाजूला चर आणि कुंपण. पाचगणीत ग्रामपरी नावाची संस्था आजूबाजूच्या गावांत असं काम करते, पुण्याची अ‍ॅक्वाडॅम संस्था झऱ्यांच्या भूगर्भाचा अभ्यास करते आणि लोकांना शिकवते. म्हणजे माहिती आपल्याच राज्यात आहे, ती ठेकेदाराच्या एस्टिमेटपर्यंत पोचत नाही एवढंच.

बारीक धार बघून इंजिनिअर लोक म्हणतात ह्याच्यावर काय योजना होणार. हिशेब करा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटरने हे जवळजवळ ३९० माणसांचं पाणी झालं. बरं, मे महिन्यात तीच बादली भरायला ४ मिनिटं लागतायत असं धरा. तरी दिवसाचे ३,६०० लिटर होतात, म्हणजे ६५ माणसांना पुरतील, आणि डोंगरातली एक वाडी बऱ्याचदा तेवढीच असते. अडचण अशी आहे की झरा रात्रभर वाहतो तेव्हा आपण झोपलेलो असतो आणि सकाळी सहाला सगळ्या बायका एकदम येतात आणि रांग लागते. खालच्या अंगाला एक झाकलेली टाकी असेल तर रात्रीचं पाणी तिच्यात साठतं आणि तिथून उताराने वाडीत येतं, पंप नको, लाइटबिल नको. हा हिशेब करायला एक बादली आणि एक मोबाइल लागतो. तरी आमच्या झऱ्यावर बादली लावून धार मोजलेला सरकारी माणूस मी बघितलेला नाही. भूजल खातं निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातनं चार वेळा मोजतं, त्यावर पाण्याचा अंदाज ठरतो, तसंच झऱ्यांच्या धारेचं वर्षानुवर्षं मोजमाप ठेवलं तर कुठला झरा कमी होत चाललाय हे तो आटायच्या आधी कळेल.

आता झऱ्यावर येणाऱ्या बाहेरच्या लोकांबद्दल, कारण हल्ली हे खूप वाढलंय. रविवारी देवरुखकडनं, रत्नागिरीकडनं गाड्या येतात, २० लिटरचे कॅन भरून नेतात. पाण्याला कुणी नाही म्हणू नये असंच आम्हाला शिकवलंय आणि पावसाळ्यानंतर धार जोरात असते तेव्हा न्या की, आनंदाने न्या, मी स्वतः पन्हळ धरून देईन. पण एप्रिल-मेमध्ये जेव्हा आमची एक कळशी भरायला वेळ लागतो, त्यात चाकरमानी घरी आलेले असतात, घरात माणसं दुप्पट झालेली असतात, तेव्हा एका गाडीने सात-आठ कॅन लावून बसू नये. आणि झऱ्याच्या तोंडाशी शँपू लावून आंघोळ करू नये, खाली दोणीतलं पाणी गुरं पितात. रील टाकायची असेल तर जागेचं नाव टाकू नका, ह्याचं कारण असं की एक रील फिरली की पुढच्या महिन्यात वेफर्सची पाकिटं आणि बाटल्यांच्या काचा उचलायला आम्हालाच जावं लागतं, आणि त्या वाटेने आमची पोरं अनवाणी चालतात.

ह्या मंडळींपैकी काहीजण खिशातनं टीडीएसचं मीटर काढतात, पन्हळीखाली धरतात आणि म्हणतात काकी बघा, पन्नासच्या आत, बाटलीबंद पाण्यापेक्षा भारी आहे तुमचं पाणी, आणि तिथेच ओंजळीने पितात. ह्यावर मला कळकळीने सांगायचंय. टीडीएस म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत तेवढंच कळतं. जंतू आहेत की नाहीत ते त्या मीटरला कळत नाही. वर सड्यावर गुरं चरतात, माकडं, रानडुकरं फिरतात, कुणी उघड्यावर बसतं, आणि जांभ्यातनं पाणी झपाट्याने खाली येतं म्हणून झऱ्याचं पाणी थंड, गोड, आरपार स्वच्छ दिसूनही त्यात जंतू असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही असता कामा नये असं आपलं मानक सांगतं. साधी तपासणी म्हणजे एचटूएसची बाटली, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, पाणी काळं पडलं तर ते तसंच पिऊ नये. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लही असतं, पीएच साडेसहाच्या खाली जातो, त्याने तांब्या-पितळेची भांडी लवकर हिरवी पडतात, तेही तपासायला हवं. आम्ही आता झऱ्याचं पाणी गाळून, चांगलं खळखळ उकळून, मग माठात ओततो. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पटायला वेळ लागला, झऱ्याच्या पाण्याला काय होतंय म्हणायची, पण नातवंडाला कावीळ झाली तेव्हापासून पातेलं तीच स्वतः गॅसवर ठेवतात.

पहिल्या पावसाचे दिवस सगळ्यात वाईट. वर्षभर सड्यावर साचलेली घाण पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींबरोबर खाली येते, पाणी गढूळ होतं, तेव्हा झऱ्याचं पाणी पूर्ण बंद ठेवावं, निवळलं तरी लगेच पिऊ नये. टाकी असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हे प्रमाण पंचायतीतल्या जलसुरक्षकाला माहीत असतं, त्याला विचारा, अंदाजाने मूठभर टाकू नका.

आणि जाताना जपून. कड्याच्या फटीत हात घालू नका, आमच्याकडे जांभ्याच्या कपारीत फुरसं, विषारी साप, असतं आणि ते एवढुसं असतं की दगडावर दिसतच नाही. अंधारात एकट्याने जाऊ नका, हातात काठी हवी आणि पायात काहीतरी हवं, झऱ्यापाशी पोचल्यावर काढा. खाली सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडतायत, तो रानातल्या गोचिडींमुळे होतो, म्हणून तिकडे जानेवारीपासून मेपर्यंत पाण्याला किंवा सरपणाला रानात जाताना अंगभर कपडे घाला, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती. आपल्या राज्यात पंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांचं वर्षातनं दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावर पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. विहिरी, बोअर, हातपंप सगळ्यांचे नमुने लॅबमध्ये जातात. जलजीवनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं किट द्यायचं, शिकवायचं ठरलंय. पण आमच्या पंचायतीच्या स्रोतांच्या यादीत झरा नाही. यादीत नाही म्हणून नमुना घेत नाहीत, नमुना नाही म्हणून रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही म्हणून योजनेत घेता येत नाही असं आम्हाला सांगितलं गेलं. अख्खी वाडी जे पाणी पिते ते कागदावर अस्तित्वातच नाही, हे कसं चालेल?

बाकीच्या देशाचं बघा. २०१८ ला नीती आयोगाने झऱ्यांवर एक अहवाल काढला होता, त्यात भारतात सुमारे ५० लाख झरे असतील असा अंदाज दिलाय, त्यातले ३० लाख एकट्या हिमालयात. उरलेल्या २० लाखांत आपला सह्याद्री आला. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास म्हणून काम केलं, झऱ्याच्या वरच्या उतारावर पाणी कुठे मुरतं ते आधी शोधलं आणि तिथे चर खणले, झाडोरा राखला, आणि आटत चाललेल्या झऱ्यांची धार परत वाढली. तिथल्या लोकांनी पन्हळीजवळ कट्टा बांधण्यात पैसे घातले नाहीत, डोंगरावर घातले. आता केंद्र सरकारने लघुसिंचनाच्या सातव्या गणनेबरोबर झऱ्यांची पहिली गणना घेतली आहे, संदर्भ वर्ष २०२३-२४. माझी प्रत्येक वाडीतल्या माणसांना विनंती आहे, तुमचा झरा त्या गणनेत आला का ते तलाठी किंवा ग्रामसेवकांकडे जाऊन विचारा. रानात आत असलेला झरा बाहेरनं आलेल्या माणसाला दिसत नाही, तो आपणच नेऊन दाखवायला लागतो.

जमिनीचाही प्रश्न मोठा आहे. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बाकी रान म्हणजे लोकांच्या सातबारावरची जमीन. पूर्वी मालक गावातलाच असायचा, त्याच्या जमिनीत झरा असला तरी पाण्याला कुणी अडवत नव्हतं. आता जमिनी विकल्या जातात, घेणारा लांबचा, त्याला झरा म्हणजे आपल्या फार्महाऊसचं पाणी वाटतं, तो तारेचं कुंपण घालतो, गेट लावतो आणि वाडीची वाट बंद होते. एका वाडीत हे होताना मी बघितलंय, बायका कुंपणाखालून हंडे सरकवत होत्या. १८८२ चा इझमेंट कायदा आहे, वीस वर्षं बिनविरोध वहिवाट असेल तर वाटेचा आणि पाण्याचा हक्क सांगता येतो, पण तो कोर्टात सिद्ध करायला कागद लागतो आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईला कोर्ट परवडत नाही. म्हणून विक्री व्हायच्या आधीच सातबाऱ्याच्या इतर हक्कात झऱ्याची आणि पाणवाटेची नोंद करून घ्यायला हवी. जिथे झरा सरकारी जंगलात आहे तिथे २००६ च्या वनहक्क कायद्यात सोय आहे, ग्रामसभेच्या शिफारशीने पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन आणि पाणी साठवण्याच्या कामासाठी एक हेक्टरच्या आतली जागा मिळू शकते, फक्त हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. झऱ्याच्या कामाला झाडं तोडायची गरजही पडत नाही.

तर जिल्हा परिषदेकडे आणि पालकमंत्र्यांकडे मागणी अशी की पंचायतीच्या स्रोतांच्या यादीत झऱ्यांना घ्या, विहिरींसारखे त्यांचे नमुने दोनदा तपासा, मे महिन्यातली धार मोजून ती पंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि झऱ्याच्या वरचा सडा नकाशावर आखून तिथे खाण, बोअर आणि बिगरशेती परवानगी देताना खालच्या वाडीची ग्रामसभा विचारात घ्या. नवीन बांधकाम लगेच नको. आधी मोजा, तपासा, मग बांधा.

आणि तुम्हाला विनंती, संपादक साहेब, टँकरच्या बातमीबरोबर पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एकेका झऱ्याची बातमीपण द्या, कुठल्या वाडीला तो पाणी देतो आणि त्याच्या वर काय चाललंय. जागेचा पत्ता नको, वाडीचं नाव पुरे. तुमचा बातमीदार आला तर आम्ही वर नेऊन दाखवू, सकाळी लवकर यावं लागेल.

आमच्या वाडीने १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी हा विषय लेखी दिला आहे, पोच घेतली आहे. बाकी वाड्यांनीही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी अर्ज द्यावा, सोबत झऱ्याचा फोटो, वापरणाऱ्या घरांच्या सह्या आणि बादली किती वेळात भरते तो आकडा जोडावा. सचिव पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

कळावे,
आपली एक वाचक,
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी